महसीर माशांतील जनुकीय विविधतेचा अभ्यास

महसीर माशांतील जनुकीय विविधतेचा अभ्यास म्हणजे निरनिराळ्या नद्यांतील महसीरांमधील आनुवंशिक साम्य व भेद जनुकीय चिन्हकांच्या साहाय्याने शोधणे होय. जनुकीय चिन्हक हा डीएनएचा ओळखता येणारा भाग असून त्याचे स्वरूप निरनिराळ्या माशांत किंवा समूहांत वेगवेगळे आढळते. नदीत मत्स्यबीज सोडताना स्थानिक समूह नष्ट होऊ नये, यासाठी हा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

सॅमन मासे समुद्रातून आपल्या जन्मनदीत परतून अंडी घालतात. त्यामुळे नदीगणिक त्यांचे समूह वेगळे पडतात आणि समुद्रात पकडलेला सॅमन कोणत्या नदीचा आहे, हे चिन्हकांवरून ठरवता येते. गोड्या पाण्यातील महसीर समुद्रमार्गे दुसऱ्या नदीत जाऊ शकत नाही. जलविभाजकच त्याचे समूह वेगळे ठेवतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात दोन नदीखोरी शेजारी आहेत. आटगावजवळची तानसा वैतरणेला मिळते, तर भातसा काळू नदीमार्गे उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते. वैतरणेच्या काठी वाडा तालुक्यातील तिळसे येथे मंदिरालगतच्या डोहातील महसीरांना श्रद्धेमुळे संरक्षण मिळाले आहे.

चिन्हकांचे प्रकार

* मायटोकॉन्ड्रियल डीएनए : हा केवळ मातेकडून मिळतो. प्रजाती ओळखण्यासाठी व वंशावळ शोधण्यासाठी तो उपयुक्त असतो. मात्र संकर झाला असल्यास पित्याचा वंश त्यावरून कळत नाही.
* मायक्रोसॅटेलाइट : डीएनएतील लहान, पुनरावृत्त तुकडे. पुनरावृत्तींची संख्या बदलत असल्याने जवळच्या समूहांतील भेद दिसतो.
* एसएनपी : डीएनएच्या क्रमातील एकाच अक्षराचा बदल. असे हजारो बदल एकाच वेळी तपासता येतात.

नमुन्यासाठी माशाच्या पराचा लहानसा तुकडा पुरतो. मासा जिवंत सोडता येतो. महसीराच्या पेशीत १०० गुणसूत्रे असतात, तर रोहू व कटला यांच्यात ५०. जनुकांच्या अशा अधिक प्रतींमुळे महसीराच्या निष्कर्षांचा अर्थ लावणे तुलनेने कठीण असते.

मत्स्यबीज आणि कावेरीचे उदाहरण

दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या प्रजातीचे वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले. लोणावळ्याजवळील वळवण येथील टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाचे बीज तयार होऊ लागले व ते इतर राज्यांतही पाठवले गेले. कावेरी नदीतही हा मासा सोडण्यात आला. पुढे तेथे त्याची संख्या वाढली आणि मूळचा कुबड असलेला महसीर दुर्मीळ झाला. या स्थानिक माशाची शास्त्रीय ओळख बराच काळ अनिश्चित होती. २०१८ मध्ये शरीररचना व डीएनए यांच्या आधारे तो टॉर रेमादेवी असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरवली.

महत्त्व

दोन महसीर बाह्यतः सारखे दिसले, तरी त्यांचे वंश वेगळे असू शकतात. बाहेरचे बीज सोडल्यास संकर व स्पर्धा यांमुळे स्थानिक वंश लोप पावण्याचा धोका असतो. म्हणून बीज सोडण्यापूर्वी नदीतील मूळ माशांची जनुकीय तपासणी करणे आणि शक्यतो त्याच खोऱ्यातील माशांपासून बीज तयार करणे हितावह मानले जाते.