बाजारात मन कसे वळते



आपण बाजाराला निघतो. मीठ, तेल आणि साखर, एवढेच आणायचे असे घरून ठरवून निघतो. परत येताना मात्र पिशवी फुगलेली असते आणि खिसा रिकामा असतो. घरी कुणी विचारते, "हे कशाला आणलंत?" आपण म्हणतो, "स्वस्त मिळालं म्हणून आणलं."

चोरी कुणी केली नाही. पैसे आपण आपल्याच हाताने दिले. मग ते गेले कसे? हे समजून घेतले पाहिजे. तो पैसा घामाचा आहे. बी-बियाणे, मुलांची वह्या-पुस्तके, दवाखाना, सारे त्यातूनच भागवायचे असते.

जुने दुकान आणि नवे दुकान

गावातला वाणी गल्ल्यापाशी बसतो. आपण माल मागायचा, त्याने तोलून द्यायचा. तोंडाने मागायचे म्हटले की माणूस दोनदा विचार करतो.

1916 साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या दुकानदाराने निराळी रीत काढली. त्याने सारा माल फळ्यांवर उघडा मांडला. गिऱ्हाइकाने टोपली घ्यावी, हवे ते स्वतः उचलावे आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत. त्यामुळे नोकर कमी लागले. शिवाय डोळ्यांना जे दिसे, तिकडे हात जाऊ लागला.

पण टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवीत. म्हणून 1937 साली ओक्लाहोमा शहरातील सिल्व्हन गोल्डमन ह्या दुकानदाराने चाकांची गाडी आणली. गाडी ढकलताना हाताला ओझे कळत नाही. मग खरेदी वाढते.

आज अशी दुकाने आपल्या तालुक्याच्या गावीही आहेत. तिथली मांडणी विचार करून केलेली असते. जो माल खपवायचा, तो डोळ्यांसमोरच्या फळीवर येतो. पैसे देण्याच्या जागी गोळ्या आणि चॉकलेट असतात. मूल हट्ट धरते, आणि रांगेत उभे राहून आपण त्याला नाही म्हणत नाही.

किमतीची भूल

100 रुपयांच्या वस्तूवर 99 लिहितात. मन पहिला आकडा धरते. फरक एका रुपयाचा, पण वस्तू पुष्कळ स्वस्त वाटते.

पाटीवर लिहिलेले असते, 'आधी 800, आता 400.' आपल्याला वाटते, 400 रुपये वाचले. पण वस्तूची गरजच नसेल, तर वाचले काहीच नाही. उलट खिशातले 400 गेले.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त, हाही एक समज. एका दुकानातले हे बोलणे पाहा.

"वहिनी, मोठं पाकीट घ्या. स्वस्त पडतं."

"थांबा भाऊ, हिशेब करते. लहान पाकीट 100 ग्रॅमचं, 40 रुपयांना. म्हणजे 250 ग्रॅमचे झाले 100 रुपये. तुमचं मोठं पाकीट 250 ग्रॅमचं, पण त्यावर 105 लिहिलंय. मग स्वस्त कुठलं?"

दुकानदार हसला. लहान पाकीट त्याने पुढे केले. वहिनींना दोन आकडे वाचता आले आणि पाच रुपये वाचले.

लोकांचे पाहून

शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घेतो. सिनेमातला नट सांगतो म्हणून घेतो. शेजाऱ्याचा अनुभव जरूर विचारावा, कारण त्याने वस्तू वापरलेली असते. नटाला मात्र सांगण्याचे पैसे मिळालेले असतात. उधारी आणि हप्ता यांचेही तसेच आहे. आज हातातून काही जात नाही, म्हणून खर्च हलका वाटतो. पण सगळे हप्ते मिळवून बेरीज केली म्हणजे खरी किंमत कळते.

मोबाईलवरचे दुकान

आता खरेदी मोबाईलवरही होते. तिथे दुकानदार दिसत नाही आणि वस्तू हाताळता येत नाही. 'फक्त 2 नग उरले', 'दहा मिनिटांत घ्या', असे झळकत असते. घाई झाली की विचार खुंटतो. कधी न मागितलेली वस्तूही हळूच हिशेबात घुसते. अशा 13 प्रकारच्या फसव्या युक्त्यांना सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मनाई केली आहे. तरीही पैसे देण्याआधी हिशेब वाचावा. विकणाऱ्याचे नाव आणि माल परत करण्याची अट पाहावी. फोनवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला सांगू नये.

कायदा आपल्या बाजूला आहे

ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा 2020 पासून लागू आहे. पाकिटावरची कमाल किंमत सर्व करांसह असते. त्याहून जास्त पैसे कुणी मागू शकत नाही. कमी मात्र घेऊ शकतो. फसवणूक झाली तर 1915 ह्या क्रमांकावर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. मालासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी पडत नाही. पण पावती हवी. पावती नसेल तर सांगणे कठीण होते.

एवढे करा

घरून यादी लिहून न्या. किंमत, वजन आणि तारीख वाचा. मोठी वस्तू असेल तर एक रात्र जाऊ द्या. सकाळीही ती हवीशी वाटली, तर घरच्यांना विचारून घ्या. पावती जपून ठेवा.

दुकानदार आपला वैरी नाही. माल विकणे हा त्याचा धंदा आहे. पाहून, मोजून घेणे हे आपले काम आहे. आपण अक्षर शिकलो, आकडा शिकलो. बाजाराच्या दिवशी त्यांचा उपयोग करू या.