व्हरांडा पुन्हा बसता करा

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि छत असलेला व्हरांडा चपला-सायकलींपुरता उरतो. खर्च करायचाच, तर खुर्च्यांआधी उन्हावर करा. पश्चिमेला बांबूचे चिकाचे पडदे लावा, पण कठड्याच्या बाहेरून. आत शिरलेलं ऊन अडवून काय उपयोग? वर स्लॅब असेल तर गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही. त्याखाली चार बोटं जागा सोडून बांबूची चटई बांधा. दोरी, चुना, गेरू गोलबाजारात भाव करून घ्या. जुन्या लाकडी खुर्चीला नुसतं पॉलिश पुरतं, नवी कशाला? जूनच्या मध्याला पाऊस येतो, त्यामुळे पडदे गुंडाळता येतील असेच बांधा. भिजले की बुरशी धरतात.