आधी स्क्रीन बघा

लग्नाचा १२ बाय ३६ इंची करिझ्मा अल्बम हे स्टुडिओवाल्यांचं काम. पण आजीची पंचाहत्तरी, नातवाचं पहिलं वर्ष किंवा हंपीची सहल यांचं ८ बाय ८ इंची, २४ पानी फोटोबुक घरीच मांडून डिजिटल प्रेसमधून दोन-चार प्रती काढून घेता येतात. त्यासाठी संगणक घ्यायला गेलं, की दुकानदार आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं कौतुक सुरू करतो. महागडं कार्ड कामी येतं ते गेम आणि व्हिडिओला. आपले पैसे जावेत स्क्रीनवर.

छपाईला साधारण इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ८ इंची पान २४०० बाय २४०० पिक्सेलचं, जेमतेम ५८ लाखांचं. आजचा साधा फोनही एवढं देतो. मात्र व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. तो सव्वापाच इंचांपेक्षा मोठा छापला की फिसकटायला लागतो. तिथे कुठलाही संगणक कामाचा नाही, मूळ फाइलच मागवावी.

२४ मेगापिक्सेलचा फोटो उघडला, की मेमरीत ७२ एमबी जागा घेतो. त्यावर लेयर चढले की ती भराभर वाढते. म्हणून रॅम १६ जीबी असावी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबीची पुरते. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावीच.

आता स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरांत असतं. याचा अर्थ, एसआरजीबी या १९९६ सालच्या, आजही सर्वत्र चालणाऱ्या रंगमापाचा जेमतेम दोन-तृतीयांश भाग तिथे दिसतो. शालूचा लाल विटकरी वाटतो, म्हणून आपण लाल वाढवतो आणि छापून येतात ते उन्हात भाजलेले चेहरे! आयपीएस पॅनेल आणि जवळपास १०० टक्के एसआरजीबी, एवढं बघून घ्या. अडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या रंगमापाच्या जाहिरातीला भुलू नका. बहुतेक प्रेस एसआरजीबी फाइलच मागतात.

फोटोबुक काळपट आलं, की लोक प्रेसवाल्याला बोल लावतात. खरं कारण बहुधा घरच्या स्क्रीनचा झगझगाट. छपाईच्या कामाला स्क्रीनचा उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला पुरतो, आपण ३०० वर बसलेलो असतो. ओळखीच्या फोटोग्राफरकडे स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर असेल तर तासाभरासाठी मागून आणावा. माझं मत विचाराल, तर चकचकीत लॅपटॉपपेक्षा जुना पण धडका डेस्कटॉप आणि त्याला नवा २४ इंची मॉनिटर, हा सौदा बरा.

सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णा' टाइप करून पाहा. काहींमध्ये सेटिंग बदलल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात. स्क्रायबस फुकट आहे, मांडणीला पुरेसं आहे. पानांना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडावी आणि मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत ठेवावीत. कुठली फाइल, कुठला रंगप्रोफाइल हे प्रेसला आधीच विचारावं आणि पहिल्यांदा एकच प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरून पाहावी.