काळ्यापांढऱ्या चौकोनाची गोष्ट

वार्षिकासाठी काही उपयुक्त लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मला आठवले ते माझ्या धाकट्या बहिणीचे पाठ्यपुस्तक. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या. तिच्या वर्गाचा तास फोनवरून सकाळी अकराला भरे. आमच्या घरी फोन एकच आणि तो वडिलांबरोबर शेतावर जाई. संध्याकाळी फोन घरी येई तेव्हा तास केव्हाच संपलेला असे. "दादा, बाई तर गेल्या!" असे म्हणून ती हिरमुसून बसे. एके दिवशी मी तिच्या पुस्तकातील काळ्यापांढऱ्या चौकोनावर फोन धरला आणि त्या धड्याचे साहित्य समोर उघडले. तास संपून जातो; हा चौकोन मात्र वाट पाहत थांबतो. त्या दिवसापासून मला त्याचे कुतूहल वाटू लागले.

या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमधील डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कंपनीने त्याच्या वापरावर हक्क गाजवला नाही, म्हणून तो जगभर पसरला. कारखान्यातली ही खूण महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत आणण्याचे श्रेय मात्र आपल्या माढा तालुक्याकडे येते, ही आपणा मोडनिंबकरांना अभिमानाची गोष्ट आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत असे कोड घालून मुलांना कविता ऐकण्याची, पाठ पाहण्याची आणि स्वाध्याय सोडवण्याची सोय केली. पुढे महाराष्ट्र शासनाने हा प्रयोग राज्याच्या पाठ्यपुस्तकांत स्वीकारला. डिसले सरांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली.

आता याचे शास्त्र थोडक्यात पाहू. कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्यांवरून फोनला कोडची जागा आणि दिशा कळते. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी अडत नाही. मधल्या ठिपक्यांत मजकूर साठवलेला असतो आणि तोच मजकूर पुन्हा जुळवता यावा म्हणून काही जादा माहितीही भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. तेलाचा डाग पडलेले पान का चालते, त्याचे उत्तर हे. मात्र भोवतालची कोरी पांढरी किनार आवश्यक असते. कात्रीने अगदी कडेपर्यंत कापून चिकटवलेला कोड फोनला सापडत नाही.

दुसरी गोष्ट मी ठेच लागून शिकलो. सुट्टीत गल्लीतील बारा मुलांना मी शिकवत असे. एक कविता माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून मी तिचा कोड बनवला आणि हौसेने वह्यांवर चिकटवला. दोन आठवडे सर्व ठीक चालले. नंतर एक मुलगा सांगत आला, "दादा, कविता नाही, जाहिरात येते!" चौकशीअंती उलगडा झाला. कोडमध्ये आवाज नसतोच. असतो तो फक्त पत्ता. आणि मी ज्या फुकट सेवेकडून कोड बनवला, तिने माझ्या कवितेचा पत्ता न घालता स्वतःचा पत्ता घातला होता. मुदत संपली आणि वाट बंद झाली. म्हणून भावी शिक्षकांना माझी विनंती, की कोडमध्ये मूळ पत्ताच जाईल अशी पद्धत निवडा आणि छापण्यापूर्वी तो पत्ता वाचून पाहा.

ज्या वर्गात मुलांजवळ फोनच नाहीत, तिथे 'प्लिकर्स' हे साधन उपयोगी पडते. प्रत्येक मुलाला कागदाचे एक कार्ड द्यायचे. त्यावर काळी आकृती असते आणि चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात. प्रश्न विचारला की मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचे. शिक्षकाने आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणाचे उत्तर काय, हे त्याला कळते. अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याची सोय राहत नाही. माझ्या बारा जणांत कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी होती. भागाकाराचे तिला सर्व येते, हे मला प्रथम कार्डावरून समजले. हात वर करणाऱ्यांकडेच पाहत मी महिनाभर शिकवत होतो, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

असो. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. साधन निवडताना ते किती नवे आहे हे पाहण्याआधी, आपल्या वर्गातील मुलाच्या घरी फोन आहे का आणि असला तर तो किती वाजता घरी येतो, हे विचारून घ्यावे. आमच्या घरी तो संध्याकाळी सातला येत असे. त्यानंतर माझी बहीण धडा उघडून बसे, आणि वडील पाय धुऊन तिच्या शेजारी येऊन ऐकत बसत.