जुना लहान ट्रॅक्टर घेण्यापूर्वीं



बैल घेणारा मनुष्य बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवितो आणि चार पावलें चालवून घेतल्यावांचून किंमत बोलत नाहीं. लाल कंधारी ही जात नांदेड जिल्ह्यांतील कंधारच्या नांवाची, आणि देवणी ही लातूर जिल्ह्यांतील देवणीच्या नांवाची. तेव्हां जनावराची पारख ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांची वडिलोपार्जित विद्याच म्हणावयाची. परंतु तोच मनुष्य जुना ट्रॅक्टर घ्यावयास निघाला म्हणजे ही सारी विद्या घरीं ठेवून जातो. ताजा रंग, चकाकणारें बोनेट आणि काळें पॉलिश लावलेले टायर पाहिले, कीं त्याचा हात खिशाकडे जातो व विसार दिला जातो. पुढें कर्ज काढून आणलेलें तें यंत्र ऐन मृगांत मिस्त्रीच्या दारांत उभें राहिलें, म्हणजे दोष नशिबाला लागतो. माझ्या मतें यांत नशिबाचा भाग फार थोडा असतो. पारख आणि कागदपत्रें या दोहोंत जो चुकला नाहीं, त्याला जुन्या ट्रॅक्टरनें सहसा दगा दिलेला नाहीं.

ज्याला आपण बोलण्यांत मिनी ट्रॅक्टर म्हणतों, तो साधारणपणें १५ पासून ३० अश्वशक्तीपर्यंतचा. महिंद्राचा युवराज २१५ व स्वराजचा ७१७ हे १५ अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे, व्ही. एस. टी. शक्तीचा एम. टी. १८० डी हा साडेअठरा अश्वशक्तीचा. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हा २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना गति असलेला. घराचें आवार सपाट करणें, गोठ्यांतील शेणखत शेतांत नेणें, घर बांधतांना मुरूम, विटा, वाळू ओढणें, पाण्याची टाकी फळझाडांपर्यंत पोंचविणें, फवारणी, कोळपणी, अर्धापुराकडील केळी-हळदीच्या ओळींतून फिरणें, हीं त्याचीं खरीं कामें. उन्हाळ्यांत तडकलेल्या काळ्या जमिनीची खोल नांगरट हें त्याचें काम नव्हे. त्यासाठीं वर्षांतून एकदां मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. १५ अश्वशक्तीच्या यंत्राला सुमारें तीन फुटी रोटाव्हेटर पेलतो. त्याला पांच फुटी जोडून पाहण्याची हौस ज्या मालकानें केली असेल, त्याचा ट्रॅक्टर दुरूनच पाहावा.

आतां पहिला प्रश्न असा कीं, ट्रॅक्टर घ्यावाच कां? २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर. एवढ्या जमिनीला स्वतःचें यंत्र परवडतें काय, हें मास्तरकीच्या संवयीनें मी गणित मांडूनच सांगतों. पुढील आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकानें त्यांच्या जागीं आपल्या गांवचे आंकडे घालावे. समजा, ट्रॅक्टर दोन लाखांस घेतला आणि पांच वर्षांनीं एक लाखास विकला. म्हणजे वर्षाची घट २०,००० रुपये. गुंतलेल्या रकमेचें व्याज शेंकडा सात दरानें १४,०००. विमा, टायर, बॅटरी, ऑईल व दुरुस्ती मिळून १६,०००. एकूण ५०,००० रुपये, आणि तेही यंत्र दारांत नुसतें उभें असतांना! आतां भाड्याच्या ट्रॅक्टरचा तास ८०० रुपयांचा आणि आपल्या ट्रॅक्टरचा डिझेल व चालक धरून ३०० चा असेल, तर दर तासाला ५०० वांचतात. पन्नास हजारांस पांचशेंनीं भागिलें म्हणजे उत्तर येतें शंभर. वर्षाला निदान शंभर तासांचें काम ज्याच्या घरीं नाहीं, त्यानें भाड्यानें काम करून घेणेंच शहाणपणाचें. दोघां भावांनीं किंवा शेजाऱ्यांनीं मिळून घेतला तर हेच शंभर तास सहज भरतात. मात्र डिझेल कोणीं भरावयाचें व दुरुस्ती कोणीं करावयाची, हें पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवावें.

या गणितांत एक गोष्ट येत नाहीं, ती वापशाची. आपली काळी जमीन पावसानें फुगते; ओली असतांना तींत चाक रुततें आणि वाळली म्हणजे ती दगड होते. मधले दोनतीन दिवस काय तो वापसा मिळतो, आणि नेमके त्याच दिवसांत गांवांतील प्रत्येक भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतांत असतो. पेरणी चार दिवस मागें पडली तर सोयाबीनचें काय होतें, हें लातूरच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. घरचें लहान यंत्र खरें उपयोगीं पडतें तें येथें. आणि म्हणूनच तें त्या दोन दिवशीं हटकून चालूं होणारें असलें पाहिजे. रंग कसलाही असो.

तेव्हां पाहावयास जावें तें सकाळीं लवकर, आणि शक्य तर अगोदर न कळवितां. गेल्याबरोबर बोलण्यापूर्वीं इंजिनावर हात ठेवावा. तें कोमट लागलें, तर तुम्ही येण्यापूर्वींच तें कोणींतरी चालवून ठेवलें आहे असें समजावें, आणि चहा घेऊन, दोनचार तास गांवांत काढून, तें थंड झाल्यावर पुन्हां यावें. थंड इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी न लावतां, धक्का न देतां, चालूं झालें पाहिजे. चालूं होतांना थोडा धूर निघतो, त्याची चिंता नाहीं. परंतु इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर आंतील ऑईल जळत आहे. काळा धूर असेल तर हवेची जाळी तुंबली असेल किंवा नोझल-पंपांत दोष असेल. हा खर्च त्या मानानें थोडक्यांत भागतो. पांढरा धूर थांबतच नसेल, तर डिझेल नीट जळत नाहीं किंवा पाणी आंत शिरत आहे. इंजिन चालूं असतांना ऑईल भरण्याचें झांकण उघडून पाहावें. तेथून भकाभका वाफ येऊं लागली, तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, आणि इंजिन बांधण्याचा खर्च तुमच्याच कपाळीं आहे. ऑईलची काठी ओढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तरी तीच शंका घ्यावी.

ट्रॅक्टरचें वय मैलांवर मोजीत नाहींत, तासांवर मोजतात. तासांचें मीटर बंद पडलेलें किंवा बदललेलें असूं शकतें. पण क्लच-ब्रेकच्या पेडलांची झीज, स्टिअरिंगवरचा गुळगुळीतपणा, बसण्याच्या जागेची फाटतूट यांना खोटें बोलतां येत नाहीं. मीटर आठशें तास दाखवितें आणि पेडलावरच्या रेघा पुसून लोखंड चकाकतें, तर त्यांत काय समजावयाचें तें समजावें. टायरची नक्षी शिल्लक असली तरी बाजू बारकाईनें पाहाव्या. आपल्या उन्हांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या यंत्राच्या टायरांना बाजूनें बारीक चिरा पडतात, आणि मागच्या जोडीची किंमत थोडी नसते. फवारणीला किंवा मळणीला लावलेला ट्रॅक्टर जागचा फारसा हलत नाहीं. त्याचे टायर नवे दिसतात आणि इंजिन मात्र झिजलेलें असतें. गवंड्याच्या कामावर ट्रॉली ओढलेल्याचें उलट असतें. त्याचा क्लच, गिअर आणि मागचा हूक यांवर सारा भार गेलेला असतो; तेथें वेल्डिंगचे डाग आहेत काय, हें वाकून पाहावें. शक्य तर घरच्या ओळखीचा मिस्त्री दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावा. विकणाऱ्यानें सुचविलेला मिस्त्री कितीही गोड बोलत असला, तरी तो नको.

यानंतर यंत्र शेतांत घालून पाहावें. अंगणांत फिरवून दाखविलेला ट्रॅक्टर म्हणजे न जुंपलेला बैल. रोटाव्हेटर किंवा वखर जोडून निदान अर्धा तास चालवावा. ओढ पडल्यावर गिअर आपोआप सुटतो काय, क्लच घसरतो काय, पाण्याचा कांटा वर चढतो काय, हें तेवढ्या वेळांत कळून येतें. मग अवजार उचलून इंजिन बंद करावें आणि पाहत उभें राहावें. उचललेलें अवजार दोनचार मिनिटांत धापकन खालीं बसलें, तर हायड्रॉलिकचीं सीलें गेलीं आहेत. पुढचें चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनीं हलवावें. किंगपिन व बुश यांची ढिलाई हातालाच लागते.

कंपनीचें नांव पाहावें तें मोठेपणासाठीं नव्हे, सुट्या भागांसाठीं. एच. एम. टी. चे ट्रॅक्टर एके काळीं नांवाजलेले होते. पण पिंजोर येथील त्यांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला, आणि तेव्हांपासून त्यांच्या मालकाला भंगारवाल्याकडे फेऱ्या घालाव्या लागतात. घेण्यापूर्वीं नांदेडच्या किंवा लातूरच्या दुकानांत जाऊन त्या नमुन्याची क्लचप्लेट व पाण्याचा पंप मिळतो काय, एवढें विचारून यावें. दुकानदार हंसला, तर बेत सोडून द्यावा.

कागदपत्रांविषयीं मात्र मला जरा विस्तारानें बोललें पाहिजे, कारण यंत्राची खोट पैशानें भरून निघते, कागदांची खोट घर बुडविते. स्टॅम्पवर लिहून घेतलें म्हणजे ट्रॅक्टर आपला झाला, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. तो चूक आहे. परिवहन खात्याच्या पुस्तकांत ज्याचें नांव, तो मालक. विकणाऱ्यानें १४ दिवसांत विक्री कळवावयाची व घेणाऱ्यानें ३० दिवसांत नांवावर करून घ्यावयाची, असा नियम आहे; त्यासाठीं नमुना २९ व नमुना ३० भरतात. कर्ज असेल तर तें फिटल्याचा नमुना ३५ व बँकेचें ना-हरकत पत्र हवें. नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते, तेव्हां चौदा वर्षांचा ट्रॅक्टर घेणाऱ्यानें हा खर्च धरून बोलावें. ट्रॉली असल्यास तिची नोंदणी वेगळी असते. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवावयाचें असतें. इंजिनावरचा व चॅसिसवरचा क्रमांक कापडानें पुसून, डोळ्यांनीं वाचून, पुस्तकाशीं अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. घासलेला किंवा वेड्यावांकड्या अंकांचा असेल, तर तेथून निघून यावें. विकणाऱ्याचा सातबारा पाहण्यासही संकोच करूं नये. त्यांतील इतर हक्कांत ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा अजून असेल, तर कर्ज फिटलें या तोंडी बोलण्याला अर्थ उरत नाहीं.

हा इशारा विकणाऱ्यासही आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत असें ठरविलें कीं, वाहन विकून ताबा दिला असला तरी नोंदणींत ज्याचें नांव राहिलें, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार. म्हणजे नांव न बदलतां दिलेला ट्रॅक्टर तिसऱ्या गांवीं कोणाच्या अंगावर गेला, तरी नोटीस येते ती जुन्या मालकाच्या दारीं.

देगलूर, धर्माबाद, बिलोलीकडे तेलंगणांतून आणि उदगीर, निलंग्याकडे बिदरच्या बाजूनें स्वस्त ट्रॅक्टर येतात. स्वस्त असतात, हें खरें. पण तेथील परिवहन कचेरीचें ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, हातीं आल्यावांचून पूर्ण पैसे देऊं नयेत. तें पत्र, येथील कर व नवी नोंदणी यांचा हिशेब केल्यावर स्वस्ताई किती उरते, तें पाहावें.

भावाविषयीं एकच गोष्ट सांगतों. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरांवरील जी. एस. टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा ट्रॅक्टर स्वस्त झाला म्हणजे जुन्यानेंही उतरावयास हवें. पण विकणारा आपण दिलेली जुनीच किंमत धरून बसतो. त्याच नमुन्याच्या नव्या यंत्राचा आजचा भाव शोरूममधून लेखी आणून त्याच्यापुढें ठेवावा. शिवाय अनुदान मिळतें तें नव्या यंत्राला. ज्याचा अर्ज लागण्यासारखा आहे, त्यानें जुन्याची घाई करूं नये. घासाघीस करावयाची तर ती पौष-माघांत करावी. पाडव्याच्या मुहूर्तावर आणि मृगाच्या तोंडावर विकणारा ऐकत नसतो.

शेवटीं एका भागाकडे लक्ष वेधतों, कारण जुन्या ट्रॅक्टरवर तो बहुधा नसतोच. मागच्या बाजूस अवजाराला गति देणारा जो पी. टी. ओ. दांडा असतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, लुगड्याचा पदर त्यांत सांपडला, तर हात वर करण्यापुरताही वेळ मिळत नाहीं. यासाठींच कारखाना त्यावर झांकण देतो, आणि अवजार जोडतांना अडचण होते म्हणून कोणीतरी तें काढून फेंकून देतो. घरच्या आवारांत जेथें मुलें व बायका वावरतात, तेथें असा उघडा दांडा फिरूं देतां कामा नये. तसेंच लहान ट्रॅक्टर हलका असल्यामुळें बांधाच्या उतारावर व शेततळ्याच्या कांठावर लवकर कलंडतो. मडगार्डवर मुलाला बसवून तेथून जाऊं नये. सौदा ठरवितांना झांकण आहे कीं नाहीं तें पाहावें, नसेल तर ट्रॅक्टर घरीं आणण्यापूर्वींच तें बसवून घ्यावें, आणि त्याचा खर्च किंमतींतून वजा करून मागावा.