सोयरिकीच्या रेघा आणि आदिलाबादचा इतिहास

इतिहासात गणित कशाला, असं वाटत असेल तर आधी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराची गोष्ट. 1993 मध्ये पॅजेट आणि अॅन्सेल या अभ्यासकांनी तिथल्या पंधराव्या शतकातल्या बड्या घराण्यांच्या सोयरिकी, व्यापार आणि कर्जाचे संबंध एका जाळ्यात मांडले. एकेक घराणं म्हणजे बिंदू, एकेक नातं म्हणजे रेघ. मेदिची घराणं या रेघांच्या मोक्याच्या जागी बसलेलं दिसलं. बाकीची घराणी एकमेकांशी जोडली जायची ती बरेचदा त्यांच्यामार्फत!

आता आपल्या तेलंगणातल्या आदिलाबादकडे या. तिथल्या राज गोंड आदिवासींमध्ये चार, पाच, सहा आणि सात देवांचे सगे, म्हणजे कुळांचे गट असतात. एकाच सग्यात लग्न होत नाही. म्हणजे कागदावर चार गट मांडले, तर सोयरिकीची प्रत्येक रेघ एका गटातून दुसऱ्याच गटात जाते. गणितात अशा जाळ्याला बहुभागी आलेख म्हणतात. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते. केसलापूरच्या नागोबा या देवासाठी गोदावरीचं पाणी पायी आणणारे मेस्राम कुळातले लोक सात देवांच्या सग्यातले. नागोबाच्या जत्रेत या कुळातल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात, म्हणजे दुसऱ्या सग्यांतून आलेल्या नव्या रेघांची ती जाहीर नोंदच.

मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी राज गोंडांवरच्या 1948 च्या ग्रंथात ही कुळव्यवस्था तपशिलानं लिहिली. गोंडी भाषेची गुंजाला गोंडी लिपीही 2018 पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे त्या लिपीतली हस्तलिखितं टंकित केली, तर त्यांतली नावं संगणकावर शोधता येतील.

सोयरिकीच्या अशा रेघा आपल्या घरातही असतात. घरात आजी असेल तर आजच विचारा: ती कोणत्या गावाहून आली, तिची आई कोणत्या गावाहून? लिहून ठेवा.