पॉइंट शून्य, तरी मॅच महत्त्वाची!

बालेवाडीला टेनिस बघायला चल, असं ग्रुपवर टाकलं की एक उत्तर हमखास येतं, ‘एक्झिबिशन आहे ना? मग त्यात काय एवढं!’ टेनिस प्रीमियर लीग डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बालेवाडीत झाली. देशातले आघाडीचे खेळाडू उतरले, पण जिंकणाऱ्याला रँकिंगचा एकही पॉइंट मिळाला नाही. मग हा नुसता टाइमपास समजायचा का?

आधी हिशेब बघा. रँकिंगची पहिली पायरी म्हणजे आयटीएफच्या ‘एम१५’ स्पर्धा. बक्षिसाची एकूण रक्कम १५ हजार डॉलर. एकेरीच्या विजेत्याला त्यातले २,१६० डॉलर मिळतात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला फक्त १५६ डॉलर, म्हणजे साधारण १३ हजार रुपये. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटचं स्ट्रिंगिंग आणि जमलाच तर कोचचा खर्च. क्रिकेटपटूंसारखं बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट इथे नसतं. हरलात की त्या आठवड्याची कमाई संपली.

हे फक्त नवख्यांचं दुखणं आहे, असंही नाही. सुमित नागल भारताचा नंबर वन होता, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने सांगून टाकलं होतं, की बँक खात्यात जेमतेम ९०० युरो आहेत. चारच महिन्यांनी याच सुमितने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सीडेड अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं!

लीगचं महत्त्व इथे कळतं. लिलावात बोली लागते, त्यामुळे कमाई एका मॅचच्या निकालावर लटकत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं, तर क्रेडिट न देणारी पण स्टायपेंड देणारी इंटर्नशिप. या पैशांतून पुढच्या दौऱ्याची तिकिटं निघू शकतात आणि पॉइंट त्या दौऱ्यांतच मिळतात.

शिवाय फॉरमॅट भन्नाट आहे. पुण्यात प्रत्येक लढतीत चार मॅच होत्या. पुरुष एकेरी, महिला एकेरी, मिश्र दुहेरी आणि पुरुष दुहेरी. प्रत्येक मॅच २० पॉइंटची, एकूण ८०. सेट नाही, गेम नाही, प्रत्येक पॉइंट टीमच्या खात्यात. एकाने १३-७ असा मार खाल्ला, तरी पुढचा जोडीदार ती पिछाडी भरून काढू शकतो.

बाहेरही हेच घडलंय. कोविडमुळे २०२० मध्ये टूर थांबली, तेव्हा जेमी मरेने ब्रिटनच्या अव्वल पुरुष खेळाडूंसाठी ‘बॅटल ऑफ द ब्रिट्स’ भरवली. पॉइंट नव्हतेच, पण मॅच प्रॅक्टिस मिळाली.

अर्थात, एक्झिबिशनने सगळी भूक भागत नाही. २०१८ मध्ये पुण्यात आलेली एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर आपल्या हातून गेली. घरच्या कोर्टवर मोठे पॉइंट मिळवायची ती संधीही गेली. आपल्या पुण्याच्या अर्जुन कढेला दुहेरीतलं एटीपी जेतेपद मिळालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, कझाकस्तानच्या अल्माटीत. तेव्हा तो तिशीत होता. तोवर टूरवर टिकून राहायलाच पैसा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या शहरात अशी स्पर्धा आली, तर ‘पॉइंट किती?’ एवढंच विचारून थांबू नका. जाऊन बसा. रिकाम्या स्टँडसाठी प्रायोजक पैसे लावत नाहीत, आणि भरलेल्या स्टँडमधली एक सीट तुमची असू शकते.